हिरवळीला वांगी लागत नाहीत

पावसाळा लागला की वर्धा जिल्ह्यात दोन गोष्टी न पेरता उगवतात. एक तरोटा, दुसरी कृषिदूतांची बातमी. तरोटा बांधावर उगवतो, बातमी पेपरच्या स्थानिक पानावर. ‘कृषिदूतांनी दाखविले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक’ असा मथळा, खाली फोटो. फोटोत एक बादली, एक शेतकरी, पंधरा विद्यार्थी आणि एक बॅनर. बॅनर एवढा रुंद, की मागचं शेत दिसू नये. बियाणं शेतकऱ्याचं, बादली शेतकऱ्याची, जागाही त्याचीच, म्हणून तो कोपऱ्यात. मधली जागा मान्यवरांची.

हसू नका राजेहो, कार्यक्रम चांगलाच आहे. बीएस्सी कृषीच्या शेवटच्या वर्षातली पोरं-पोरी ‘रावे’च्या, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवाच्या, निमित्तानं गावात जातात, शेतकऱ्याच्या बांधावर बसतात, त्याची जमीन, त्याचं कर्ज, त्याचं पीक समजून घेतात. पुस्तकातली कपाशी आणि सेलूतली कपाशी यांच्यात किती अंतर आहे, हे त्यांना तिथंच कळतं. आमची तक्रार दिवसभराच्या कामाबद्दल नाहीच. रात्रीच्या जेवणाबद्दल आहे. दिवसभर गावाला जीवामृत, शेणखत आणि मिश्र पीक समजावून सांगणारा हा तरुण संध्याकाळी होस्टेलच्या मेसमध्ये येतो, ताट घेतो आणि ताटात काय पडलं याची चौकशी न करता मोबाइल बघत जेवतो. गहू कुठला, डाळ कुणाची, तेल कशाचं? सेमिस्टरच्या एकाही पेपरात हा प्रश्न येत नाही. जो प्रश्न पेपरात येत नाही, तो प्रश्न नसतो, हे आपल्या विद्यापीठांचं पहिलं तत्त्व.

सध्या ‘शाश्वत अन्नव्यवस्था’ या विषयाची चलती आहे. परिसंवाद होतात, कार्यशाळा होतात, पोस्टर स्पर्धा होतात. उद्‌घाटनाला रोपट्याला पाणी घालतात आणि पाहुण्याला प्लास्टिकच्या बाटलीतलं देतात. दुपारच्या जेवणात ‘मिलेट’ म्हणून ज्वारीची भाकर ठेवतात आणि तिच्याबरोबर फोटो काढतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून ज्वारीला एवढा भाव आलाय, की ज्या आजीनं जन्मभर भाकर थापली तिला आता परिसंवादाला बोलावतात. मानधन मात्र परिसंवादाच्या अध्यक्षाला.

* * *

गंमत अशी, की हा विषय वर्ध्याला शिकवायला कुणी बाहेरून यायची गरज नव्हती. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच वर्ध्यात मारवाडी शिक्षण संस्थेच्या शाळेत देशभरातली शिक्षणातली मंडळी जमली होती. अध्यक्षस्थानी गांधी. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून, एखाद्या हातकामाभोवती गुंफलेलं, आणि जमलं तर शिक्षकांचा पगार त्या कामातून निघावा, असे ठराव झाले. अभ्यासक्रम करायची जबाबदारी डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीवर आली. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसनं योजना उचलून धरली, हिंदुस्तानी तालीमी संघ निघाला, आणि सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्यानं ती प्रत्यक्षात आणली. नाव पडलं नई तालीम.

सेवाग्रामच्या या शाळेत मुलं भाजी लावत, स्वयंपाकाच्या पाळ्या घेत, कोठाराचा हिशेब ठेवत, भांडी घासत, संडास साफ करून त्याचं खत शेतात नेत. आठवड्याचं धान्य किती लागलं, हे गणित. डाळ का खायची, हे शास्त्र. गावात कुणाच्या ताटात डाळ नाही आणि का नाही, हा नागरिकशास्त्राचा तास. आज याच गोष्टीला ‘बियाण्यापासून ताटापर्यंत’ म्हणतात आणि तिच्यावर तीन दिवसांचा निवासी अभ्यासवर्ग ठेवतात. नाश्ता, चहा, फाइल, पेन, प्रमाणपत्र सगळं धरून.

अर्थात, आम्हीच जगात पहिले, अशी छाती बडवायचं कारण नाही. अमेरिकेत केंटकीच्या बेरिया कॉलेजात विद्यार्थी १८७१ पासून शेती करतात. कॅलिफोर्नियातल्या डीप स्प्रिंग्ज कॉलेजात १९१७ पासून मुलं गाई दोहतात, गवत कापतात, स्वयंपाकघर सांभाळतात आणि उरलेल्या वेळात तत्त्वज्ञान वाचतात. येल विद्यापीठात २००१ साली शाश्वत अन्न प्रकल्प सुरू झाला, एका नामांकित स्वयंपाकीणबाईंच्या आग्रहावरून, आणि कॅम्पसवर शेत आलं. आमच्याकडचे प्राध्यापक येलचं शेत बघून येतात आणि पन्नास स्लाइड दाखवतात. सेवाग्राम वर्ध्याहून आठ किलोमीटर. तिथली एकही स्लाइड नसते. तिकीट लागत नाही, म्हणून प्रवासभत्ता मिळत नाही, आणि भत्ता नसेल तर अभ्यासदौरा कसला?

नई तालीमचं पुढं काय झालं, हेही मोकळेपणानं सांगायला हवं, नाहीतर हे सदर प्रवचन होईल. परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी हरकत घेतली होती, की मुलांच्या कामातून शाळेचा खर्च काढायला गेलात तर शाळेचा कारखाना होईल आणि गावच्या कारागिराचं पोट मारलं जाईल. ही हरकत खोटी नव्हती. शिवाय आईबापांनाही शंका होती. आम्ही जन्मभर नांगर धरला, आता पोरानंही शाळेत जाऊन तेच करायचं? साहेबाची पोरं इंग्रजी शिकणार आणि आमची पोरं सूत कातणार? ही शंका ज्यांनी घेतली त्यांना मागास म्हणायचं धाडस आम्ही करणार नाही. ज्या समाजात हातकाम जातीनं वाटून दिलंय, तिथं हातकाम शिकवणाऱ्या शाळेकडं खालच्या माणसानं संशयानंच बघायचं असतं. वरच्यांनी आपली पोरं तिथं पाठवली असती तर संशय फिटला असता. त्यांनी पाठवली कॉन्व्हेंटला, आणि नई तालीमवर ग्रंथ लिहिले.

विद्यापीठाच्या पातळीवरही प्रयत्न झाला. राधाकृष्णन आयोगानं १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. १९५६ मध्ये देशात ग्रामीण संस्था निघाल्या, त्यात आपल्याकडं गारगोटी आणि अमरावती. पण पदवीला बाजारात किंमत येईना, तेव्हा हळूहळू बाकीच्यांच्या रांगेत जाऊन उभं राहणं आलं. २००५ मध्ये सेवाग्रामला ‘आनंद निकेतन’ या नावानं नई तालीमची शाळा पुन्हा उघडली. तिथली लेकरं शेती करतात, रांधतात, विणतात. दहावीपर्यंत. त्यानंतर ती कॉलेजात येतात आणि तिथं त्यांचं स्वागत करायला हिरवळ तयार असते.

* * *

आता हिरवळीचं बघू.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांना परसबाग करायला सांगितलंय. पोषण आहाराला ताजी भाजी मिळावी म्हणून मुलं मेथी, पालक, वांगी, दोडके लावतात. तालुक्याला, जिल्ह्याला परसबागेच्या स्पर्धा होतात. पाण्याची बोंब, कुंपणाची बोंब, सुटीत गुरं शिरतात, तरी शिक्षक आणि पोरं मिळून काहीतरी उगवतात. म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलाला वांगं कसं लागतं ते कळतं. पुढं तो हुशार निघतो, विद्यापीठात जातो. तिथं कित्येक एकरांचा परिसर, बोअरवेल, माळी, ठिबक, सगळं असतं, आणि वांग्याचं एक झाड नसतं. लॉन असतो. लॉनवर पाटी असते, ‘हिरवळीवर चालू नये’. चालायचं नाही, खायचं नाही, नुसतं बघायचं आणि पाणी घालायचं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढं जाणाऱ्या जिल्ह्यात न खाता येणारं गवत ओलं ठेवणं, याला आपल्याकडं सौंदर्यीकरण म्हणतात.

लॉनचं कारण विचारलं तर ‘नॅक’, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद, सांगतात. नॅकच्या सातव्या निकषात हरित परिसर येतो, ऊर्जा आणि पर्यावरणाचं लेखापरीक्षण येतं, कचरा आणि पाण्याचं व्यवस्थापन येतं. सगळं योग्यच. पण समिती येते तेव्हा दाखवायला झाडांची मोजणी असते, सौरदिवे असतात, गांडूळखताचा एक हौद असतो. समिती जेवते कुठं? अतिथिगृहात. तिथं मेनू वेगळा. म्हणजे ज्या मेसमध्ये दररोज शेकडो मुलं जेवतात ती मेस सोडून बाकी सगळ्या परिसराची परीक्षा होते.

विद्यापीठ अनुदान आयोगानंही आपलं काम केलंय. कॅम्पसवर जंक फूड नको, असं २०१६ मध्ये कळवलं. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, तेच पुन्हा कळवलं. एकच पत्र दुसऱ्यांदा पाठवावं लागतं, याचा अर्थ पहिलं पत्र समोसे गुंडाळायला गेलं असेल, हे सांगायला आयोग नको. आणि पत्रात ‘काय नको’ होतं. ‘कुणाकडून घ्यावं’ ही बाब राहूनच गेली. कुरकुरे बंद झाले की त्या कपाटात बिस्किटं येतात.

* * *

कॅम्पसवर शाश्वत अन्न येतं की नाही, हे कुठं ठरतं सांगू? सभागृहात नाही, शेतातही नाही. मेसच्या ठेक्यात ठरतं. टेंडर निघतं, सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला मिळतं. कमी दर भरला की तो कुठंतरी वसूल करावा लागतो. ठेकेदार बिचारा मुलांकडून वसूल करू शकत नाही, कारण दर ठरलेला. मग तो तेलातून करतो, डाळीच्या पाण्यातून करतो आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या मजुरीतून करतो. कागदावर ‘चविष्ट व पौष्टिक’ लिहिलेलं असतं. स्थानिक हा शब्द फक्त एका ठिकाणी येतो: वाद झाल्यास स्थानिक न्यायालयाच्या अखत्यारीत.

तेलाचंच घ्या. ‘वर्धा घाणी’ हे नाव देशात पोचवलं ते मगनवाडीनं. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि वाडा दिला, तीच मगनवाडी. तिथं झवेरभाई पटेल यांनी बैलघाणी सुधारली आणि तिचा नमुना गावोगाव गेला. आज आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागवतो, आणि घाणीच्या गावातली मेस पामतेलाच्या पाऊचवर चालते. जवस, तीळ, फल्ली, सगळी पिकं आपल्या मातीला माहीत आहेत. पण टेंडरला माहीत नाहीत.

हळदीचं घ्या. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सत्कार झाले. मेसमध्ये जी हळद येते तिच्या पाकिटावर बाईचा फोटो आणि गुलाबाचं फूल असतं, गावाचं नाव नसतं.

आणि सोयाबीन तर फारच मजेशीर. १९३५ मध्ये गांधींनी मगनवाडीत राहणाऱ्यांच्या जेवणात सोयाबीन आणलं होतं आणि त्या प्रयोगाबद्दल ‘हरिजन’मध्ये लिहिलंही होतं. त्यावेळी वर्ध्याच्या शेतात सोयाबीन नव्हतं, ताटात होतं. आज जिल्ह्याच्या शिवारात जिकडंतिकडं सोयाबीन आहे, ताटात नाही. असलं तर बाहेरून पाकिटात आलेल्या वड्यांच्या रूपात. शेतकऱ्याचं सोयाबीन २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं गेलं, आणि त्याच शेतकऱ्याचं पोरगं होस्टेलात ‘प्रोटीन’ म्हणून वड्यांचं पाकीट घेतंय. अर्थशास्त्राच्या विभागाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर फुकट घ्या.

आता पोरांना मोकळं सोडायचं का? मुळीच नाही. हा संवाद वर्धा-सावंगी-सेवाग्राम पट्ट्यातल्या कुठल्याही मेसमध्ये घडू शकतो:

“काकू, आंबाडीची भाजी काहून नाही करत जी?”

“केली होती न बाबू. खाल्ली कोनं? अर्धी बादलीत गेली.”

“मंग झुणका करा न.”

“झुनक्याले पोट्टे म्हनते, हे तं आमच्या घरीच भेटते. पनीर करा.”

“अन् पनीर कुठून येते?”

“पाकिटातून.”

काकूंचं काय चुकलं? दरवर्षी पावसाळ्यात कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव होतो. तरोटा, काटवल, घोळ, केना, आंबाडी सगळं मांडतात. विद्यार्थी रांगोळी काढतात, भाजीचं शास्त्रीय नाव लिहितात, सेल्फी घेतात आणि रात्री मंचुरियन मागवतात. तरोट्याला शास्त्रीय नावानं ओळखणारे वाढले, खाणारे घटले.

* * *

इतकी टवाळी झाल्यावर थोडा हिशेब मांडू. हिशेब जे. सी. कुमारप्पांच्या पद्धतीनं मांडू, कारण हा माणूस मुळात हिशेबनीस होता. लंडनला हिशेबतपासनीस झाला, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला, आणि मग मगनवाडीत येऊन गूळ, घाणी आणि हातसडीच्या तांदळाचा अभ्यास करत बसला. गांधींनी त्यांना थट्टेनं ‘डॉक्टर ऑफ व्हिलेज इंडस्ट्रीज’ ही पदवी दिली. दीक्षान्त समारंभ नाही, झगा नाही, तरी आजवर वर्ध्यात दिल्या गेलेल्या पदव्यांत ती सर्वांत कामाची असावी. तुरुंगात लिहिलेल्या त्यांच्या ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’मध्ये, जे १९४५ मध्ये छापलं गेलं, एका माणसाच्या रोजच्या आहाराचा तक्ता आहे. धान्य १६ औंस, डाळ २ औंस, दूध १२ औंस, भाजी ८ औंस, आणि असं करत एकूण २,८६० कॅलरी. मग ते विचारतात, की एक लाख लोकांना हे पुरवायचं तर कुठल्या पिकाखाली किती जमीन लागेल? आधी ताट, मग पीक. आपण उलटं करतो. आधी बाजार, मग पीक, शेवटी ताट, उरलं तर.

हाच हिशेब एका होस्टेलला लावा. समजा तीनशे मुलं आहेत आणि वर्षाचे तीनशे दिवस मेस चालते. माणशी २ औंस डाळ म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम. दिवसाला १७ किलो, वर्षाला जवळपास ५१ क्विंटल. गिरणीत चौथा हिस्सा चुनी आणि टरफलात जातो असं धरलं, तर सुमारे ६८ क्विंटल तूर लागेल. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरा. झाले सतरा एकर. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव आहे ८,००० रुपये. म्हणजे पाच लाख चव्वेचाळीस हजारांची तूर.

एक होस्टेल, एक डाळ, सतरा एकर. देवळी किंवा सेलूच्या चार-पाच कुटुंबांची तूर पेरणीआधीच विकली गेलेली, भावाची घासाघीस नाही, हिंगणघाटच्या बाजारात गाडी घेऊन रात्र काढणं नाही. आता वर्ध्यात होस्टेलं किती आहेत ते मोजा. वैद्यकीय, अभियांत्रिकी, हिंदी विद्यापीठ, नर्सिंग, फार्मसी. पोस्टर स्पर्धेचा खर्च वाचवूनही हा हिशेब मांडता येतो. कॅल्क्युलेटर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो, त्यावर जेवण मागवायच्या ॲपच्या शेजारीच.

“हे व्यवहारात जमणार नाही,” असं म्हणणारे आता उठतील. त्यांनी जाताना गोरसपाक घेऊन जावा. जमनालालजींनी १९४१ मध्ये गोसेवेचं काम अंगावर घेतलं, त्याच कामातलं हे गोरस भांडार. आसपासच्या गावांतलं गाईचं दूध घेणं, शहराला विकणं, आणि तुपातला गोरसपाक करणं. इतकी वर्षं चाललं. कारण सोपं आहे, रोज घेणारं एक ठिकाण पक्कं होतं. शेतकऱ्याला भाषणापेक्षा पक्कं गिऱ्हाईक जास्त कळतं. सरकारी योजना बंद पडतात, गिऱ्हाईक असेल तर धंदा बंद पडत नाही.

* * *

राहिली बादली. मेसच्या दाराशी जी निळी बादली असते ती. तिच्यात अर्धी पोळी, चाटलेलं लोणचं, न उघडलेलं दही, सगळं पडतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२२ या एका वर्षात जगानं १०५ कोटी टन अन्न वाया घालवलं. ग्राहकापर्यंत पोचलेल्या अन्नाच्या १९ टक्के. भारतातल्या घरांत माणशी वर्षाला ५५ किलो. आकडा मोठा असला की माणूस निर्धास्त होतो, कारण त्यात आपला वाटा दिसत नाही. म्हणून लहान आकडा बघा. आपल्या त्याच तीनशे मुलांनी एका जेवणात प्रत्येकी फक्त ५० ग्रॅम टाकलं, तर दोन जेवणांचं मिळून दिवसाला ३० किलो आणि तीनशे दिवसांत ९ टन. हे सगळं टाकून नंतर ‘भूक निर्देशांकात भारत’ या विषयावर निबंध लिहायला आपण मोकळे.

आणि ताट धुतं कोण? सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात, नवी तुकडी आली की आधी आश्रमात पंधरवड्याच्या शिबिराला जाते. श्रमदान, सूतकताई, प्रार्थना, साधं जेवण. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. अठरा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा झाडू धरतं, पहिल्यांदा चूल कशी पेटते ते बघतं. काहींना वैताग येतो, काहींना जन्मभर पुरतं. आमचा मुद्दा एवढाच, की असा पंधरवडा बाकीच्या किती संस्थांत आहे? आणि पंधरवड्याच्या सोळाव्या दिवशी काय?

बाकीच्या ठिकाणी ताटं धुणारी बाई असते. तिनं कधी शाश्वततेच्या परिसंवादाला हजेरी लावलेली नसते. बादलीत सगळ्यात जास्त काय पडतं, कोणत्या वारी पोरं जेवत नाहीत, कोणत्या भाजीवर तुटून पडतात, हे तिला प्राध्यापकापेक्षा नेमकं ठाऊक असतं. आणि ती बहुधा कोणत्या वस्तीतून येते, हे तुम्हाला ठाऊक असतं. नई तालीमनं संडास आणि भांडी सगळ्यांच्या पाळीत टाकली, ती स्वच्छतेसाठी नव्हेच. जन्मानं वाटलेलं काम पाळीनं वाटलं जावं म्हणून. पर्यावरणाच्या नावानं जेवढे क्लब निघालेत त्यांपैकी एकानं तरी ताट धुण्याची पाळी लावली असती, तर त्यांचं नाव आम्ही या सदरात ठळक अक्षरांत छापलं असतं. झाडं लावणारे क्लब पुष्कळ आहेत. झाडाला खरकटं लागत नाही.

* * *

“आम्ही इथं शिकायला आलो, शेती करायला नाही,” असं कुणी म्हणालं तर त्याचंही ऐकून घेऊ. नीटच्या, गेटच्या, नेटच्या, सेटच्या धबडग्यात सकाळी उठून वाफे कोण करणार? बरोबर आहे. विनोबांनी १९५० मध्ये पवनारला बैलाशिवाय, हातानं जमीन खणून ऋषिशेती केली होती. तेवढं कुणी मागत नाही. कॅम्पसवर दोन एकरांची हौशी शेती केली तरी तीनशे मुलांचं पोट भरणार नाही, हेही खरं. ती करावी ती शिकण्यासाठी, एखाद्या वांग्याला किती पाणी, किती कीड आणि किती दिवस लागतात ते कळण्यासाठी. ते एकदा कळलं की दहा रुपयांत पाव किलो वांगी मागायची जीभ थोडी अडखळते. पोट भरायला मात्र आजूबाजूची गावंच लागतील, आणि गावाशी नातं बॅनरनं जुळत नाही, बिलानं जुळतं.

विद्यार्थ्यांना शाश्वत अन्नासाठी खरंच काम करायचं असेल, तर सगळ्यात रटाळ जागा पकडावी लागेल. मेस समिती. तिथं फोटो नाहीत, टी-शर्ट नाहीत, प्रमाणपत्र नाही. तिथं आहे दर करार, धान्याचे नमुने, बिलांची फाइल आणि दोन तास चालणारी बैठक. म्हणून तिथं कुणी जात नाही, आणि म्हणूनच तिथं ठेकेदाराचं राज्य आहे. कृषीचे विद्यार्थी ‘रावे’त ज्या शेतकऱ्याकडं जातात, त्याच शेतकऱ्याची तूर त्यांच्याच मेसमध्ये आली तर त्या कार्यानुभवाला काही अर्थ येईल. वाणिज्यच्या पोरांनी खरेदीचा हिशेब बसवावा, वैद्यकीयच्या पोरींनी ताटातलं पोषण तपासावं, अभियांत्रिकीच्या पोरांनी खरकट्यावर चालणारा बायोगॅस खरोखर चालवून दाखवावा. चार विभागांचा एकत्र प्रकल्प म्हणून नॅकलाही दाखवता येईल. अतिथिगृहाऐवजी मेसमध्ये जेवायला घालून.

कुलगुरू, अधिष्ठाते आणि प्राचार्यांना आमचं सांगणं आणखी थोडक्यात. परिसंवाद घ्या, हरकत नाही. फक्त त्या दिवशी पाहुण्यांना तेच जेवण वाढा जे मुलं रोज जेवतात. विषयाची गोडी आपोआप वाढेल. आणि पुढचं टेंडर काढताना ‘सर्वांत कमी दर’ याच्यापुढं एक ओळ जोडा, की डाळ, ज्वारी, हळद आणि निम्मी भाजी जिल्ह्यातल्या शेतकरी गटांकडून हमीभावाच्या खाली न जाता घ्यावी. ताटामागं काही रुपये वाढतील. ते मुलांकडून घेताना ते कुणाच्या घरी जातात ते फळ्यावर लिहा. पोरं देतील. पोरं पिझ्झ्यावर त्याच्या दसपट देतात, आणि तिथं तर फळाही नसतो.

तर राजेहो, या महिन्यात मेस समितीची बैठक असेल. ठेक्याची प्रत मागा. ती देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा. पहिल्या वर्षी एकच अट घाला: डाळ वर्धा जिल्ह्यातली. जेवण झाल्यावर आपलं ताट आपण धुवा. बाकीचं पुढच्या वर्षी बघू.